आडनाव बदलायचं की नाही, आणि आरवचा खरा अर्थ काय

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार. मला नुकताच मुलगा झालाय. आमचं आडनाव एका जनावरावरून आहे, लोक शिवी देताना ज्याचं नाव घेतात तेच जनावर. नवऱ्याला शाळेत, नंतर कॉलेजात आणि आता ऑफिसातही यावरून ऐकावं लागतं. त्याचं म्हणणं बाळाच्या बर्थ सर्टिफिकेटवर हे आडनाव नकोच, आपल्या गावाच्या नावाला कर लावू आणि मोकळं होऊ. सासरे फार दुखावलेत. त्यांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला की आपलं आडनाव म्हणजे राजस्थानातल्या एका राजघराण्याच्या नावाचा अपभ्रंश आहे. एका साइटवर तिसराच अर्थ दिसतो. खरा कुठला मानायचा? आडनाव बदलणं चूक आहे का? बाळाचं नाव आम्ही आरव ठरवलंय, साइटवर अर्थ 'शांत' असा आहे, पण माझी आत्या म्हणते तो साफ चुकीचा आहे. आणि शेवटचं, माझं माहेरचं आडनाव सगळ्या कागदांवर तसंच आहे, बाळासाठी ते बदलावं लागेल का?"

अगं आधी अभिनंदन, आणि सगळ्यात सोपा प्रश्न पहिल्यांदा उरकून टाकते. आत्या बरोबर आहेत. आरव म्हणजे शांत नाही, जवळजवळ उलटच आहे. संस्कृतात रु म्हणून धातू आहे, आवाज करणे, त्याच्यापासून रव, पाखरांच्या कलरवात आहे तोच रव, आणि त्याच्या आधी आ लागला की आरव. म्हणजे आवाज, ओरडा, गलका. आपट्यांचा संस्कृत कोश उघड नाहीतर मोनियर विल्यम्सचा, दोन्ही नेटवर फुकट बघता येतात, शांत हा अर्थ तिथे तुला काही दिसायचा नाही. मग साइटवर कुठून आला म्हणशील तर कुणीतरी एकाने कधीतरी टाकला आणि बाकीच्यांनी उचलला, एवढंच. पन्नास साइटवर एकच अर्थ दिसला की आपल्याला वाटतं पन्नास जणांनी तपासलाय, प्रत्यक्षात एकाच चुकीची पन्नास वेळा कॉपी झालेली असते. या साइटवाल्यांना प्रत्येक नावाला काहीतरी गोड अर्थ द्यायचाच असतो, कुठल्याच नावापुढे "गलका" असं लिहिलेलं कधी पाहिलंयस का? आणि घरात तान्हं बाळ आहे म्हटल्यावर रात्री अडीच वाजता नावाचा खरा अर्थ तुला पटतच असेल म्हणा.

पण म्हणून नाव बदलायची काही गरज नाही, हे मी मनापासून सांगतेय. अनिकेत म्हणजे शब्दशः ज्याला घर नाही तो, बेघर. तरी कितीतरी अनिकेत आहेत आणि कुणी त्यांना बेघर म्हणून हाक मारत नाही, कारण ते नाव कोशातून नाही तर गीतेच्या बाराव्या अध्यायातून आलंय, तिथे आवडत्या भक्ताचं वर्णन करताना "अनिकेतः स्थिरमतिः" म्हटलंय. कोशातला अर्थ एक आणि नाव ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ दुसरा, हे कायमच चालत आलंय. उलट बाजूनं बघ, आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावं ठेवायचे, म्हणजे नजर लागू नये, दगडधोंडा आहे, केरात टाकलाय, याच्याकडे बघूच नका. कोशात बघशील तर अपमान आहे आणि ठेवणाऱ्या आईच्या मनात बघशील तर त्याच्याएवढं मायेचं नाव नाही. आणि जिथे नावामागे खरंच नकोसेपण होतं तिथे ते बदलायलाच हवं होतं आणि बदललंही, २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशी नावं असलेल्या २८५ मुलींना जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन नवीन नावं दिली, त्यातल्या बऱ्याच जणींनी आपली नावं आपणच निवडली होती. तुमच्या आरवच्या बाबतीत असलं काहीच नाही. तुम्हाला ऐकायला गोड वाटलं, ठेवलंत, झालं. फक्त बारशाच्या पत्रिकेवर "आरव अर्थात शांत" असं छापू नका म्हणजे आत्यांना तोंड उघडावं लागणार नाही.

आता आडनाव. तू पत्रात लिहिलंयस पण मी छापत नाही, कारण त्याच आडनावाची शेकडो घरं आहेत आणि त्यांनी काय तुझ्यासारखं पत्र लिहिलेलं नाही.

खरा अर्थ कुठला हा तुझा प्रश्नच मला आधी जरा वाकडा करून घ्यायचाय. आडनाव हे बहुतेक वेळा माणसाने स्वतः घेतलेलं नसतं, आजूबाजूच्यांनी त्याला चिकटवलेलं असतं. त्यामुळे आडनावाचा अर्थ शोधला तर सापडतं काय, की एका कुठल्यातरी माणसाला एका कुठल्यातरी काळात गावातली बाकीची माणसं काय म्हणून ओळखत होती. त्याच्या अंगात रक्त कुठलं, तो शूर होता का भित्रा, हे त्यातून कळत नाही. सासऱ्यांचा फॉरवर्ड आणि नवऱ्याची लाज, दोन्ही एकाच गैरसमजावर उभे आहेत की आडनाव म्हणजे आपण.

जुने मोडी कागद बघितलेस तर तिथे बरेचदा आडनाव नसतंच. रामजी बिन संताजी, म्हणजे संताजीचा मुलगा रामजी. बाईचं असेल तर गंगाबाई कोम रामजी, म्हणजे रामजीची बायको. गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखतात, तेवढ्यावर भागायचं. पंचाईत व्हायची ती गावात दोन रामजी झाले की. मग एक काळे, एक गोरे, एक टकले, एक वरच्या आळीतला, एक तो ज्याच्या दारात चिंच आहे. आपल्याकडे इतकी आडनावं एकारान्ती का आहेत याचंही उत्तर यातच आहे, काळा एकटा असतो पण त्याच्या मागे पोरंबाळं, भाऊ, पुतणे सगळे काळे होतात, म्हणजे अनेकवचनाने अख्ख्या घराला हाक मारलेली असते. फुले, मुळे, साखरे, लोखंडे, लांडगे, कोल्हे, सगळी तीच तऱ्हा.

फुल्यांचंच बघ, कारण तिथे आडनाव डोळ्यांदेखत बदललंय. महात्मा जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं आणि आडनाव गोऱ्हे. पुढे कुटुंब पुण्याकडे आलं, पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम मिळालं, आणि लोक त्यांना फुले म्हणायला लागले. एवढंच. कुणी ठराव केला नाही, गोऱ्हे हे आडनाव कुणाला लाजिरवाणं वाटत होतं असंही नाही. आज एखाद्या साइटवर फुले टाकलंस तर "फुलांसारखे कोमल" वगैरे येईल, गोऱ्हे कुठेच येणार नाही आणि कटगुण तर नाहीच नाही. कोशातला अर्थ बरोबर असूनही घराण्याची गोष्ट त्यात औषधालाही सापडत नाही.

नाना फडणवीसांचं पण असंच. ते मूळचे भानू, बाळाजी जनार्दन भानू. फडणवीस हा हुद्दा, फारसीतल्या फर्दनवीस वरून, फर्द म्हणजे हिशेबाची यादी आणि नवीस म्हणजे लिहिणारा. हा नवीस झिजून झिजून नीस झाला आणि मग चिटणीस, पोतनीस, कारखानीस, वाकनीस अशी रांगच लागली. कारखानीस आडनावाच्या माणसाला आपल्या पूर्वजाचा कारखाना होता असं वाटतं, तर तेव्हाचा कारखाना म्हणजे सरकारी कोठार, दारूगोळा, जवाहिरखाना असली खाती आणि कारखानीस म्हणजे तिथला हिशेब लिहिणारा. वाकनीस म्हणजे वाका, घडलेल्या गोष्टी, लिहून ठेवणारा. पुढे हुद्दे गेले आणि आडनावं राहिली. कुलकर्णी वतनं मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने संपवली, महसुली पाटीलकी महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने, पण म्हणून कुलकर्णी पाटील कमी झाले का? उलट काही भागांत निम्मं गाव पाटील लावतं, त्यातल्या प्रत्येकाच्या खापरपणजोबाकडे पाटीलकी होती असं धरलं तर गावात रयत म्हणून कुणी उरणारच नाही.

आता गावाच्या नावाला कर. नवऱ्याची आयडिया वाईट नाही, अगदी जुनी वहिवाट आहे. त्यात एक गंमत अशी की हे आडनाव बहुतेकदा गाव सोडल्यावरच मिळतं. पेणमध्ये राहून पेणकर म्हणवून घेण्यात काय अर्थ, तिथे सगळेच पेणकर, बाहेर गेलं की बाहेरचे लोक म्हणतात हे पेणचे. आणि कर लावलं की काहीतरी वरच्या जातीचं वाटतं असा एक समज आहे, तोही डोक्यातून काढून टाक. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आहेत. कोकणी मुसलमानांतही कर आहेत. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून शाळेत आंबडवेकर लागलं आणि शाळेतच पुढे त्याचं आंबेडकर झालं. मास्टर दीनानाथांचं घराणं हर्डीकर, त्यांनी मंगेशी गावावरून मंगेशकर घेतलं. म्हणजे आडनाव बदलण्याच्या बाबतीत तुझा नवरा काही एकटा नाही आणि पहिला तर अजिबात नाही, हे सासऱ्यांनाही सांगता येईल, पण जरा बेताने.

आता तो फॉरवर्ड. मला तू स्क्रीनशॉट पाठवलास, वाचला. त्यात राजा आहे, लढाई आहे, स्थलांतर आहे, फक्त एक कागद नाही. कुठल्या साली, कुठल्या गावात, कुणाच्या नावापुढे हे आडनाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडलं, हे नसेल तर ती गोष्ट आहे, इतिहास नाही. ही सगळी मांडणी उच्चाराच्या जोरावर चालते. चव्हाण ऐकायला चौहानसारखं लागतं, पवार परमारसारखं, सोळंके सोलंकीसारखं, मोरे मौर्यासारखं. काही ठिकाणी शब्दाचं नातं असेलही, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण शब्दाचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. चव्हाण, पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत. काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. हे सगळे एकाच राजाचे वंशज कसे असतील सांग बरं. (आणि खरं सांगू का, आपल्याकडे "आडनाव काय?" हा प्रश्न अर्ध्या वेळा आडनाव कळावं म्हणून विचारलेलाच नसतो, जात काढायची असते. पण वरची यादी बघितली तर तेही धड निघत नाही, बरंच झालं.)

सासऱ्यांना जनावरावरूनच अभिमान हवा असेल तर घोरपडे घ्या. त्या घराण्याची सांगण्यातली गोष्ट अशी की पूर्वजाने घोरपडीच्या मदतीने किल्ला सर केला म्हणून भोसल्यांचे घोरपडे झाले. गोष्ट झकास आहे, खरी किती खोटी किती ते इतिहासवाले बघतील, पण घोरपड म्हणजे काय देखणं जनावर नाही आणि तरी ते नाव सरदार घराणं मिरवतं. जनावराचं नाव लागलं म्हणजे हिणवलंच असं नसतं. ज्याच्याकडे ते जनावर पाळलेलं होतं, ज्याचं पोट त्या जनावराच्या पाठीवरून माल वाहण्यावर होतं, त्यालाही तेच नाव पडायचं. कुलदैवताशी, देवकाशी संबंध असू शकतो. ते जनावर ज्या वाडीच्या नावात आहे त्या वाडीचा माणूसही असू शकतो. आणि हो, गावाने सरळ चिडवलेलंही असू शकतं, ते आपण झाकून कशाला ठेवायचं, गावातली माणसं काही पुरणपोळी नसतात. तुमच्या घराचं यातलं नेमकं कुठलं हे साइट सांगू शकत नाही आणि मी पण इथे बसून सांगू शकत नाही, ते तुमच्याच कागदात असलं तर असेल.

कागद म्हणजे कुठले ते सांगते, कारण सासरे रिटायर्ड आहेत आणि त्यांना हे काम दिलंस तर फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त रमतील. तहसील कार्यालयात जुने सातबारा, त्याच्या आधीचे खासरा पत्रक, फेरफार. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्ममृत्यू. जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात आजोबा पणजोबा सापडतात आणि आडनाव कसं लिहिलंय ते अक्षरशः बघायला मिळतं, कधी एकाच माणसाचं दोन ठिकाणी दोन तऱ्हेने. बरेच जुने कागद मोडीत असतात पण मोडी वाचून देणारी माणसं मिळतात. नाशिक त्र्यंबकेश्वरला तुमच्या भागाचे जे तीर्थोपाध्याय असतील त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात, पूर्वज कधी यात्रेला गेले असतील तर गाव, आडनाव, मुलांची नावं लिहून ठेवलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रातले असाल तर हेळवी, पिढ्यान् पिढ्या घरोघरी फिरून वंशावळ सांगणारी माणसं, त्यांच्याकडेही चोपड्या असतात. हे सगळं करूनही अर्थ सापडेल असं मी सांगत नाही, पण आडनाव कुठवर मागे जातं ते कळेल, आणि कुणी सांगावं, मागे गेल्यावर वेगळंच आडनाव निघेल.

कारण आडनाव पक्कं होणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. शाळा, पलटण, कोर्ट, जमिनीची मोजणी, जनगणना हे सगळं इंग्रजांच्या काळात आलं आणि प्रत्येक फॉर्मवर आडनावाचा रकाना आला, मग जे तोंडावर होतं ते लिहिलं गेलं, कधी सांगणाऱ्याने जरा बरं सांगितलं, कधी लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. सगळ्या जगात हेच झालंय. फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला की कर गोळा करताना घोळ होतो, सगळ्यांना आडनावं द्या, आणि आडनावांची एक भलीमोठी छापील यादी प्रांतोप्रांती पाठवली. ती वर्णानुक्रमे होती, तुकडे करून वाटली गेली, म्हणून काही गावांत बहुतेकांची आडनावं एकाच अक्षराने सुरू व्हायची. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा झाला की प्रत्येकाने आडनाव घ्यायचंच, मुस्तफा केमालला अतातुर्क हे आडनाव त्याच वर्षी तिथल्या संसदेने दिलं. आता अशा आडनावांत वंशाचं रहस्य शोधत बसायचं म्हटलं तर काय सापडणार.

बरं, मग बदलायचं का. मी तुला सरळ माझं मत सांगते. बदलणं चूक नाही, पाप नाही, पूर्वजांचा अपमान नाही, पूर्वजांनी स्वतः बदलली असतील. पण बाळाचं बदलून नवऱ्याचं तसंच ठेवणं हे मला पटत नाही. त्रास नवऱ्याला झालाय, आणि तो खरा आहे, "मनावर घेऊ नको" असं मी त्याला अजिबात म्हणणार नाही, वर्षानुवर्षं हजेरी घेताना वर्ग हसत असेल तर माणूस आतून शिणतो. पण मग त्याने आपलं आडनाव बदलावं. स्वतः तेच आडनाव लावून पोराच्या कपाळावरून तेवढं पुसायचं याचा अर्थ उद्या पोर विचारेल की बाबा तुमच्या नावात असं काय वाईट होतं, आणि त्याला उत्तर नसेल. शिवाय बापाचं एक आणि मुलाचं एक झालं की प्रत्येक खिडकीवर खुलासा देत फिरायचं.

आणि चिडवण्याचं म्हणशील तर आडनाव बदलून ते थांबतंच असं नाही, पोरं कशावरूनही चिडवतात, आरववरून पण काढतील काहीतरी. दुसरीकडे बघ, पांडुरंग वामन काणे यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं, काणे शब्दाचा अर्थ काय होतो ते तुला माहितीच आहे. बोबडे आडनावाचे न्यायमूर्ती २०१९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांच्यापुढे उभं राहून आडनावाला हसायची कुणाची टाप होती? पण हे उदाहरण नवऱ्याच्या तोंडावर मारू नकोस, त्याला सल्ला नको असेल, त्याला फक्त कुणीतरी म्हणायला हवं असेल की हो, त्रास झाला तुला. ते तू म्हण. जमलं तर सासऱ्यांनी म्हणावं. माझा अंदाज आहे की तुमच्या घरात भांडण आडनावाचं नाहीच, मुलगा वीस वर्षं जे ऐकत आला ते बापाला आज पहिल्यांदा कळतंय आणि बापाला वाटतंय की मुलगा आपल्यालाच टाकतोय. राजस्थानचा राजा त्यांनी मध्ये उगाच आणलाय, बिचारा.

आता कोरडं व्यवहाराचं, कारण नवऱ्याला घाई का झालीय ते मला कळतंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारित कायदा लागू झालाय, त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून बर्थ सर्टिफिकेटच लागणार, त्यामुळे त्यावर काय लिहिलं जातं याला महत्त्व आलंय हे खरं. पण जन्माची नोंद नावाशिवायही होते, बाळाचं नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांच्या आत फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. नवऱ्याला बदलायचंच असेल तर आधी त्याने स्वतःचं महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घ्यावं, गॅझेट म्हणतात ते, अर्ज ऑनलाइन होतो, मग आधार, पॅन, बँक, आणि मग त्याच आडनावाने बाळाचं नाव घालावं. उलट्या क्रमाने केलंत तर दोनदा धावाधाव.

एक गोष्ट मात्र नवऱ्याला आधीच सांग, बरेच जण नंतर कपाळाला हात लावतात. तुम्हाला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी लागणार असेल तर तिथे वडील, आजोबा, पणजोबा अशी कागदांची साखळी जोडावी लागते आणि ती जुन्या आडनावाची असते. नवीन आडनावाच्या पोराला प्रत्येक वेळी बापाचं गॅझेट आणि प्रतिज्ञापत्र जोडून सिद्ध करावं लागेल की तो याच घरातला. अशक्य नाही, पण आयुष्यभराची फाइल आहे. सातबाऱ्यावर वारस लावताना पण तेच. म्हणून गॅझेटच्या पाच सहा प्रती जपून ठेवायच्या, एक सासऱ्यांच्या कपाटात सुद्धा. मधला मार्ग हवा असेल तर काही लोक जुनं ठेवून पुढे गावाचं जोडतात, दोन्ही लावतात, लांबलचक होतं पण कागदांची साखळी तुटत नाही, आणि व्यवहारात लोक आपोआप दुसरंच वापरायला लागतात. मला विचारशील तर तुमच्यासाठी हाच बरा, पण ठरवायचं नवऱ्याने.

राहिलं तुझं आडनाव. लग्नानंतर बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, पासपोर्टसाठी सुद्धा सक्ती नाही. बाळाच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव तुझ्या आधारवर आणि पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच येऊ दे, स्पेलिंगसकट, हॉस्पिटलात फॉर्म भरताना कुणीतरी सवयीने सासरचं आडनाव लावून टाकतं आणि मग दुरुस्तीला चकरा. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत राज्याच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरलाय, म्हणजे आरवच्या पाठोपाठ तुझं नाव येणार. हॉस्पिटलातून नोंदीचा फॉर्म पुढे गेला नसेल तर उद्याच फोन करून तो एकदा वाचून घे.